एका दिवसात दोन सकाळी

जानेवारीत केमिकल कंपनीतल्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी झाली आणि शैलेश सावेच्या कागदावर डॉक्टरांनी लाल पेनानं दोन आकड्यांभोवती गोल काढले. वजन शहाण्णव किलो. उपाशीपोटी साखर दोनशे साठ.

"एक गोळी लिहून देतो, सकाळी नाश्त्याच्या आधी घ्यायची," डॉक्टर म्हणाले. "महिन्यानं येऊन दाखवा. आणि वजन उतरवा, सावे. नाहीतर पुढच्या वर्षी रिअॅक्टरवर काम करायला फिट म्हणून माझी सही मिळायची नाही."

शैलेशला सहीपेक्षा दुसरीच भीती होती. त्याचे वडील कमलाकांत साखरेनंच गेले होते. आधी पायाचा अंगठा कापला, मग पाऊल, मग मूत्रपिंडं बंद पडली. साठाव्या वर्षापर्यंत चिंचणीच्या वाडीत सरसर नारळावर चढणारा हा माणूस. शेवटी शेवटी शैलेश त्याला उचलून गाडीत बसवायचा आणि पालघरला डायलिसिसला न्यायचा, तेव्हा हातांना काही वजनच लागायचं नाही. 

म्हणून त्यानं मनावर घेतलं. कामावरच्या कुणीतरी बाराशे कॅलरींचा तक्ता मोबाईलवर पाठवला होता. त्यानं तो छापून फ्रिजवर चिकटवला, घरात काटा आणला, कॅलरी मोजणारं अॅप घेतलं. पाऊण वाटी भात, एक भाकरी, वाफवलेली भाजी, मूठभर मोड आलेले मूग. सुकटीच्या कालवणातला नारळ बंद झाला. बायको समिधा निमूट सगळं मोजून द्यायची. आई काशीबाई मात्र ताट बघून कपाळाला हात लावायची.

"अरं, तू जेवतोस का सोनं तोलतोस?"

"आई, बाबांचं काय झालं ते बघितलंस ना?"

यावर काशीबाई ताट त्याच्यापुढं सरकवायची. 

पंधरा दिवसांत बाराशेचे हजार झाले आणि फेब्रुवारी संपता संपता नऊशे. नऊशेत भागतंय तर बाराशे कशाला, असा त्याचा हिशेब. अकरा किलो उतरले. पँटच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. लोक वळून बघायला लागले, आणि चाळिशीतल्या माणसाला कौतुक ऐकायची सवय नसली की ते जरा जास्तच चढतं. महिन्यानं डॉक्टरांना दाखवायचं राहून गेलं. दाखवायचं काय, वजन तर उतरतंयच.

अडचण एकच होती. तक्ता सकाळी उठणाऱ्या आणि रात्री झोपणाऱ्या माणसासाठी होता. आठला नाश्ता, एकला जेवण, सातला रात्रीचं. शैलेशची ड्युटी एक आठवडा सकाळी सातची, दुसरा दुपारी तीनची, तिसरा रात्री अकराची. आणि बदली माणूस आला नाही की लागोपाठ दोन. मोबाईलमधला दिवस रात्री बाराला संपायचा, तेव्हा ह्याची ड्युटी जेमतेम तासाभराची झालेली असायची. मग रात्री दोनला खाल्लेली भाकरी कालची धरायची की आजची? शैलेशनं त्यावर सोपा तोडगा काढला होता. शंका आली की खायचंच नाही. कधी हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. चरबी जळतेय, असं म्हणून तो खूश व्हायचा. गोळीचं मात्र त्यानं पक्कं बसवून टाकलं होतं, उठलं की गोळी. त्यात कधी चूक झाली नाही.

मार्चमधल्या एका रविवारी तो तीनच्या पाळीला गेला. रात्रपाळीचा माणूस आलाच नाही. पाळीप्रमुख ज्ञानेश सरांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "सावे, सांभाळून घे," आणि शैलेशनं सांभाळून घेतलं. सलग सोळा तास. सोमवारी सकाळी साडेसातला तो मोटरसायकलवरून चिंचणीला पोचला. सकाळ झाली होती, त्यानं गोळी घेतली. समिधानं उपमा पुढं ठेवला. आता झोपायचंच आहे, झोपेत कसल्या कॅलरी लागतात, असं म्हणून त्यानं ताटली परत सारली आणि आडवा झाला.

साडेबाराला फोन वाजला. ज्ञानेश सरच होते. तीनच्या पाळीलाही माणूस कमी होता. "आजच्या दिवस ये. उद्या सुट्टी घे."

शैलेश उठला. तोंड धुतलं. समिधा वाडीत नारळ मोजून घ्यायला गेली होती, आई शेजारी. त्यानं काकडी कापली, वर लिंबू पिळलं. लिंबाची बी काकडीवर पडली ती त्यानं बोटानं काढली. एवढं त्याला स्पष्ट आठवतं.

त्यानंतरचं काहीच आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा वर पांढरं छत होतं, हाताला सलाईन होतं आणि खिडकीबाहेर बोईसरच्या रिक्षांचे हॉर्न वाजत होते. अंगात कंपनीचा निळा गणवेश होता, घामानं चिंब भिजलेला. तो आपण कधी घातला?

पायाशी स्टुलावर समिधा बसली होती. पदर तोंडाला लावलेला, नजर जमिनीवर. दाराशी ज्ञानेश सर.

"काय झालं?" शैलेशनं विचारलं. जीभ जड लागत होती.

समिधानं वर बघितलं नाही.

"ते तूच सांगायचं," ज्ञानेश सर म्हणाले. "अठरा वर्षं नोकरी केलीस, सावे. आणि आज पिऊन प्लँटवर आलास?"

शैलेशला आधी वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. आयुष्यात त्यानं दारूला हात लावला नव्हता. लग्नाच्या वरातीतसुद्धा तो लिंबू सरबताचा ग्लास धरून उभा राहायचा आणि लोक त्याची टर उडवायचे. "मी?" एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा, "मी?"

"चाळीस माणसं बाहेर पळाली तुझ्यामुळे. नामदेवचा हात भाजला."

नामदेव तांडेल म्हणजे सातपाटीचा, शेजारच्या रिअॅक्टरवरचा. दोघं एकाच दिवशी कंपनीत लागले होते. नामदेवच्या बहिणीच्या लग्नात शैलेशनं पंगती वाढल्या होत्या.

"कसा भाजला? मी काय केलं?"

ज्ञानेश सर उत्तर द्यायच्या आत डॉक्टरीणबाई आत आल्या. वयानं तरुण, आवाज मात्र करडा. त्यांनी शैलेशचं बोट पुसलं, सुई टोचली, यंत्रावरचा आकडा बघितला.

"एकशे दहा. आणलं होतं तेव्हा साखर किती होती ठाऊक आहे? अडतीस. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी बोलत नसते." मग त्या दाराकडे वळल्या. "तुम्ही दारूची तपासणी करा म्हणालात, मी तीही केली. थेंबभरसुद्धा नाही. साखर इतकी उतरली की माणूस प्यायल्यासारखाच वागतो. बरळतो, हसतो, अंगावर धावून जातो. त्याला पत्ता नसतो."

ज्ञानेश सरांचा चेहरा पडला. समिधानं मान वर केली आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. 

डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारत सगळं काढून घेतलं. काल काय खाल्लं? कधी झोपलात? गोळी कधी घेतली?

"सकाळी. आल्यावर."

"आणि नंतर?"

शैलेशला आठवेना. समिधा पुटपुटली, "ओट्यावर सकाळीच फोडलेलं नवं पाकीट होतं. दोन जागा रिकाम्या होत्या. मी दुपारी बघितलं, पण..."

उठलं की गोळी. तो उठला होता. चोवीस तासांत मूठभर मूग आणि एक काकडी, आणि त्यावर पाच तासांच्या अंतरानं दोन गोळ्या.

"तुमच्या एका दिवसात दोन सकाळी झाल्या, सावे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि जेवण एकीलाही नाही. ही गोळी उठण्याची नसते हो, जेवणाची असते. अकरा किलो उतरल्यावर तर ती निम्मी व्हायला हवी होती. कुणाला दाखवलंत?"

कुणालाच दाखवलं नव्हतं.

त्यांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं, कारण सलाईन काढलं की साखर पुन्हा घसरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दिशा आली. त्याची मुलगी, दहावीला जाणारी, एरवी घरात पाऊल टाकल्यापासून बडबडणारी. पलंगाच्या कडेला बसून ती दप्तराचा पट्टा नुसता पिळत राहिली.

"बाबा, तुम्हाला खरंच काही आठवत नाही?"

"नाही गं."

"मला क्लासला सोडलंत तेसुद्धा?"

शैलेश उठून बसला. सलाईनची नळी ताणली गेली. सोमवारी तिचा बोईसरला गणिताचा क्लास असतो, तीनची पाळी असली की तो तिला मागं बसवून नेतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो कामावर पोचला म्हणजे गाडी चालवत पोचला. आणि गाडीवर ती होती.

"तुम्ही बोलतच नव्हतात. मला वाटलं, दमलात. मग ट्रक समोरून हॉर्न मारत आला आणि तुम्ही बाजूलाच होईनात. मी ओरडले, तुमचा शर्ट ओढला. गाडी खाली मातीत गेली आणि थांबली." ती थांबली. "मग तुम्ही मागं वळून बघितलंत आणि मला विचारलंत, तू कोणाची गं?"

खोलीत पंखा फिरत होता. दिशानं दप्तराचा पट्टा पुन्हा पिळला.

"मला वाटलं, तुम्ही चेष्टा करताय. मी म्हटलं, कमलाकांत सावेंची नात. मग तुम्ही हसलात. पुढं नीट चालवलंत. मी उतरले तेव्हा टाटा पण केलंत."

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? माझे बाबा मला ओळखत नाहीत असं?" आणि मग ती रडायला लागली. शैलेशनं तिला जवळ घेतलं. रोजचा तो रस्ता त्याच्या डोळ्यांपुढे आला. वळणं, वाळू भरलेले डंपर, कंपन्यांचे टँकर. आणि त्यातून स्वतःच्या लेकीला मागं बसवून जाणारा एक माणूस, ज्याला ती कोण हेच ठाऊक नाही. तो माणूस आपणच होतो, हे त्याला पटवूनही पटेना.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो बसनं सातपाटीला गेला. मोटरसायकलची किल्ली त्यानं स्वतःहून समिधाकडे दिली होती.

नामदेवची आई ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. शैलेशला बघून तिचे हात थांबले. एरवी "ये रं पोरा" म्हणणारी बाई. आज म्हणाली, "माज्या पोराचा हात जाललास तू."

"आये, गप ऱ्हा," आतून नामदेवचा आवाज आला. तो बाहेर आला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. "बस. पानी घे."

शैलेश बसला नाही. "नामदेव, मी काय केलं ते मला कुणी धड सांगत नाही. तू सांग."

नामदेव अंगणातल्या बोंबलांच्या वाळवणाकडे वळला. मग त्यानं सांगितलं.

त्यांच्या रिअॅक्टरभोवती थंडगार खारं पाणी फिरतं. आतला माल तापायला लागला की ते पाणी त्याला काबूत ठेवतं. साडेचारच्या सुमारास नामदेवला शेजारचा धोक्याचा हूटर ऐकू आला. येऊन बघतो तर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह गच्च बंद, तापमानाचा काटा अठ्ठ्याऐंशी अंशांवर आणि शैलेश व्हॉल्व्हला पाठ लावून जमिनीवर बसलेला. साठच्या वर जाऊ द्यायचं नसतं. शंभर ओलांडलं असतं तर झाकण छत फोडून गेलं असतं, आणि खाली त्या वेळी नऊ माणसं होती.

"मी तुला सरक म्हटलं, तर तू माजी गचांडी धरलीस. तुला हलवता येईना रं. तू हसत बी होतास, रडत बी होतास. म्हनत होतास, चालू करू नको, मला थंडी वाजते."

"थंडी?"

"हां. थंडी वाजते म्हनून तू पानी बंद केलंस. तुजं अंग बर्फावानी होतं, घामानं निथळत होतास. तुला वाटलं आसंल, त्या पायपानंच गारठतोय. मी तुला ढकललं, तू मला ढकललंस, माजा हात वाफेच्या पायपाला लागला. चिकटलाच. तसाच सुटलो, व्हॉल्व्ह खोलला, मालाची धार बंद केली. मग तू आडवा झालास."

शैलेश आता ओट्यावर बसला.  नऊ माणसं. त्यातल्या सात जणांची नावं त्याला पाठ होती, दोन बिहारची नवी पोरं होती. एका भाताच्या वाटीवाचून आपण नऊ घरांत आग लावत होतो, आणि त्या वेळी आपल्याला फक्त थंडी वाजत होती.

"नामदेव," तो म्हणाला, "दारूचं कुणी सांगितलं सरांना?"

नामदेवनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. "मी लिवून दिलं."

"तू?"

"वास नव्हता तुज्या तोंडाला. मी अगदी जवल होतो, मला ठाव हाय, वास नव्हता. पन हाताला पट्टी बांधत होते तवा सर आले. म्हनाले, दारू लिही. दोन-दोन ड्युट्यांचं बाहेर आलं तर सगल्यांच्या अंगाशी येईल, तुज्याबी. मीबी त्याच हप्त्यात दोनदा डबल केलीय ना. आन हात आसा जलत होता, तुजा राग आला होता मला. लिवलं."

ओट्यावरच्या आईनं बोंबील टोपलीत टाकले आणि लेकाकडे बघितलं. तिलाही हे नवीन होतं. "नाम्या," ती म्हणाली, "आरं, तुजा बाप पिऊन आला का मी कशी ओलखायची? वासावरनंच ना? तुला वास आला नाय, तरी लिवलंस?"

नामदेवनं पट्टीची सुटलेली गाठ आत खोचली.  शैलेशला नामदेवचा राग येत नव्हता, हेच त्याला सगळ्यात विचित्र वाटत होतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यात बोलायला काही उरलं नव्हतं. उठताना तो एवढंच म्हणाला, "हाताला जप."

दोन दिवसांनी कंपनीत चौकशीला बोलावलं. शैलेश मॅनेजर आणि ज्ञानेश सरांसमोर खुर्चीत बसतो न बसतो तोच दार उघडलं आणि नामदेव आत आला. त्यानं टेबलावर नवा कागद ठेवला. उजवा पट्टीत होता, म्हणून पहिल्यासारखाच डाव्या हातानं लिहिलेला, वाकडीतिकडी अक्षरं. पहिला जबाब खोटा आहे, वास नव्हता, आणि त्या आठवड्यात कोण किती तास कामावर होतं, सगळं त्यात होतं.

ज्ञानेश सरांनी मॅनेजरकडे बघितलं, मग शैलेशकडे. "हे बघ, दारूचं आम्ही काढून टाकतो. पण चूक तर तुझीच ना? उपाशी राहा असं कंपनीनं सांगितलं होतं का? तेवढं लिहून दे, तासांचा विषय कशाला?"

"चूक माझी आहे," शैलेश म्हणाला. "मी खाल्लं नाही, डॉक्टरांना दाखवलं नाही, गोळी दोनदा घेतली. ते मी लिहितो. पण तासांचंही लिहितो, सर. सोळा तास करून मी साडेसातला घरी गेलो आणि साडेबाराला तुमचा फोन आला. माझी पोरगी होती गाडीवर."

शेवटचं वाक्य कुणालाच कळलं नाही. पण त्याचा आवाज ऐकून मॅनेजरनं पेन त्याच्याकडे सरकवलं.

शैलेशची नोकरी राहिली, रिअॅक्टर गेला. त्याला स्टोअरमध्ये टाकलं, नऊ ते सहा. ज्ञानेश सरांची बदली झाली. लागोपाठ दोन पाळ्या काही दिवस बंद होत्या, मग पावसाळ्यात माणसं कमी पडली तेव्हा पुन्हा सुरू झाल्या, फक्त साखर आणि रक्तदाबवाल्यांना वगळून. नामदेवचा हात बरा झाला, कातडी गुलाबी राहिली. गेटवर भेटला की तो मान हलवतो, शैलेशही हलवतो.

डॉक्टरीणबाईंनी नवं पथ्य दिलं. चौदाशे कॅलरी, गोळी निम्मी, तीही ताट समोर आल्यावर. महिन्याला किलोभर उतरतं, कधी तेवढंही नाही. काशीबाई आता ताटाकडे बघून काही बोलत नाही. उलट तो वेळेवर जेवायला बसला नाही की तीच हातातलं काम टाकून हाका मारत सुटते.

जुलैत एका संध्याकाळी समिधा वाडीत अबोलीची फुलं खुडत होती. शैलेश करंडी धरून मागं उभा होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एक सांगायचं होतं. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्ही शुद्धीवर नव्हतात ना, तेव्हा सर बाहेर गेल्यावर मी तुमच्या तोंडाशी वाकले."

"कशाला?"

"वास घ्यायला."

त्यानं करंडी दुसऱ्या हातात घेतली.

"नव्हता येत," ती म्हणाली. "तरी मला वाटलं, वास न येणारी असेल कुठलीतरी. सतरा वर्षांच्या संसारात तुम्ही कधी प्यायला नाहीत, आणि मला पाच मिनिटं पुरली हो विश्वास ठेवायला. डॉक्टरीणबाई बोलेपर्यंत मी मनात माहेरी निघून गेले होते."

शैलेशला काहीतरी बोलायचं होतं. तिला धीर द्यावा, निदान रागवावं. पण नामदेवनं सांगितलेली ती थंडी आता त्याला वाजत होती, पोट भरलेलं असतानाही. त्यानं करंडी खाली ठेवली आणि वाडीच्या बांधावर बसून राहिला. थोड्या वेळानं समिधाही त्याच्या शेजारी येऊन बसली, मध्ये हातभर जागा सोडून.